आकाशाचा बंदोबस्त

नव्या राजधानीकडे जाणारी आमची स्टाफ बस तेव्हा सकाळी नऊला शंकर नगरहून सुटायची. डाव्या बाजूच्या तिसऱ्या सीटवर, खिडकीशी, काकाजी बसायचे. शहर मागे पडलं, रस्ता एकदम रुंद झाला आणि दोन्ही बाजूंना नुसतं मोकळं रान आलं, की थोड्या वेळाने एका ठिकाणी ते दोन्ही पाय उचलून धरत. चपलांसकट, वीतभर वर. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावं इतका वेळ, आणि मग पाय पुन्हा खाली. चेहऱ्यावर काही नाही. डब्याची पिशवी मांडीवर, नजर बाहेर.

पहिल्या दिवशी मला वाटलं, पायात गोळा आला असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, तिथे बसच्या पत्र्याला भोक असेल. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम शेजारी बसले आणि सरळ विचारलं, "काकाजी, पैर क्यों उठाते हो?"

"मराठीत विचार," ते म्हणाले.

मी रायपूरची मराठी मुलगी. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेत नोकरीला म्हणून इकडे आले ते इकडचेच झाले. घरी आईबाबांनी मराठीत बोलायचं आणि आम्ही भावंडांनी हिंदीत उत्तर द्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. मराठी मला कळायची सगळी, पण तोंडात यायची नाही. मी चाचपडत म्हटलं, "पाय... काहून उचलता?"

"हां. आता बराबर," असं म्हणून ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. मराठीत विचारलं तर उत्तर मिळेल, असं त्यांनी कुठे कबूल केलं होतं! उत्तर मिळायला मला आठ महिने लागले.

आमचं काम नकाशांचं. नवी राजधानी उभी राहत होती आणि तिच्याखाली आलेल्या गावांचे जुने बंदोबस्ताचे नकाशे आमच्या कपाटांत होते. बंदोबस्त म्हणजे जुन्या काळची सरकारी मोजणी: कुठलं शेत कोणाचं, तळं कुठे, विहीर कुठे, वाट कुठून जाते, सगळं शाईने काढलेलं. नवे नकाशे उपग्रहाच्या फोटोंवरून बनत. जुना आणि नवा जुळवायचा, काय तसंच आहे, काय सरकलं, काय नाहीसं झालं ते शेऱ्यात लिहायचं. मी चोवीस वर्षांची कंत्राटी ऑपरेटर, कॉम्प्युटरवर. काकाजी साठीला टेकलेले ट्रेसर, काचेच्या टेबलावर. त्यांचं नाव हजेरीपटात होतं, पण साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना काकाजीच म्हणत. ते मला पोट्टी म्हणत. खात्यात माझं नाव घेतलं तर त्यांना लवकर लक्षातच येत नसे की कोणाबद्दल चाललंय.

त्या टेबलाच्या काचेखाली ट्यूबलाइट होती. नवा नकाशा खाली, जुन्याची ट्रेसिंग वर. वरची कड डाव्या तळव्याने दाबून धरायची आणि खालची कड उजव्या हाताने उचलायची, टेकवायची, उचलायची, टेकवायची. फडफड, फडफड. हे ते इतक्या झपाट्याने करत की खोलीत पंखा नसला तरी वारा यायचा. "जे जागेवर आहे ते जागेवर दिसते," ते मला शिकवायचे, "अन् जे सरकलं ते उडी मारते. तू फकस्त उडी पाह्यजो. बाकी शीट पाहाचीच नाही." मी कॉम्प्युटरवर दोन तास घालवून जे शोधायची ते त्यांना तिसऱ्या फडफडीत दिसायचं. वर तोंडभर सांगायचेही, "तुझ्या मशीनले विचार, बावा, मी म्हंतो ते खरं का."

ही खोड टेबलावर थांबली असती तर गोष्ट वेगळी. पण त्यांना सगळं जगच दोन शीटांचं दिसायचं. आमचे अधीक्षक केसांना कलप लावायला लागले ते खात्यात पहिल्यांदा काकाजींनी ओळखलं, तेही पहिल्याच दिवशी, तेही मोठ्याने. कोणी नवा माणूस आला की त्याचं ओळखपत्र मागून घेत, फोटो त्याच्या चेहऱ्याशेजारी धरत आणि एकदा डावा डोळा मिटून, एकदा उजवा मिटून बघत. "नाक वाढलं," असा निकाल देऊन कार्ड परत. समता कॉलोनीत त्यांचं घर होतं, दोन खोल्यांचं. काकू सांगायच्या की लग्नात आलेली कढई दुसऱ्या फळीवर ठेवली तर हा माणूस जेवत नाही, आधी ती जागेवर ठेवतो.

बसमधून जातानाही तेच. बाहेर रिकामे रस्ते, मैलभर एकही माणूस नाही, दुभाजकात नुकती लावलेली झाडं, आणि काकाजी हळू आवाजात सांगताहेत: "इथं तरिया होता, मोठा. म्हशी बसत. इथून वाट जाये पिंपळाकडं. अन् हे सेक्टर म्हंतेत ना, इथं धान सुकवत." त्यांच्या आवाजाने मला गुंगी यायची. डोळे अर्धे मिटले की मलाही ते तळं दिसायचं, मग डोळे उघडले की डांबर. तळं, डांबर. तळं, डांबर. मी तेव्हा या माणसाच्या प्रेमात होते असं म्हटलं तर काकू हसल्या असत्या, पण होते.

पायांचं उत्तर मिळालं ते मे महिन्यात. दुपारी लाइट गेली होती, टेबलाची काच काळी पडली होती आणि बाहेर पांढरं ऊन. काही करण्यासारखं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, आणि ते आपणहून बोलायला लागले.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावाच्या शीटवर वाटेच्या कडेला एक ठिपका होता. बारीक वर्तुळ, मध्ये पोकळ. तशी खूण विहिरीची असते. उपग्रहाच्या फोटोत मात्र तिथे झाडाचा घेर आला होता, खालचं काही दिसत नव्हतं. काकाजींनी फडफड केली. डोळा म्हणाला, विहीर. पण शीट त्याच दिवशी मंजुरीला जायची होती आणि तेव्हाचे साहेब उभ्या उभ्या म्हणाले, शाईचा डाग असेल, लिहा आणि मोकळे व्हा. काकाजींनी शेऱ्यात लिहिलं: डाग.

"दोन अक्षरं, पोट्टी. दोन अक्षरात एक विहीर बुजली."

मग त्या गावची एक बाई खात्यात आली. म्हातारी, एकटी. म्हणाली, "मोर कुआँ नक्सा म नइये." माझी विहीर नकाशात नाही. लग्नाच्या वर्षी तिच्या नवऱ्याने ती खणली होती, आता तो नव्हता. तिला बदल्यात काही नको होतं. ती एवढंच म्हणत होती, "लिख दे साहब, के इहाँ कुआँ रिहिस." इथे विहीर होती एवढं लिहून दे. पण शीट मंजूर झालेली. काकाजी म्हणाले, देखते हैं. सरकारी खोलीत या शब्दांचा अर्थ काय होतो ते त्यांना माहीत होतं, तिला नव्हतं. ती चार वेळा आली. पाचव्यांदा आली नाही. गाव उठलं, विहिरीत मुरूम पडला, वरून हा रुंद रस्ता गेला. काकाजींनी स्वतःच्या हाताने तिला तीन पत्रं लिहिली. तिन्ही परत आली. पत्त्यावर कोणी नाही.

"गेली असेल बिचारी," ते म्हणाले. "अन् तू विचारत होती ना, पाय काहून उचलतो? विहिरीवर पाय ठेवते का कोणी?"

लाइट आली आणि टेबल उजळलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढची शीट घेतली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी काकाजी खिशात पेपराचं कात्रण घेऊन आले. त्यांच्याकडे नागपूरचा मराठी पेपर यायचा, एक दिवस शिळा. त्यात लिहिलं होतं की अर्धशतकापूर्वी अमेरिकेतल्या एका डोंगरावरून दुर्बिणीने आकाशाचे तुकड्या-तुकड्याने फोटो काढले, काचेच्या प्लेटांवर. मग साधारण चाळीस वर्षांनी तेच तुकडे पुन्हा काढले. दोन्ही आता इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येतात. तारे आपल्याला जागच्या जागी वाटतात, पण ते पळत असतात. बहुतेक इतके लांब आहेत की माणसाचं आयुष्य संपलं तरी कळत नाही. थोडे मात्र दोन फोटोंच्या मध्ये चक्क सरकलेले दिसतात. असे झपाट्याने सरकणारे सगळे अजून सापडलेले नाहीत आणि साध्या माणसांनीही शोधायला हरकत नाही, असं कात्रणात शेवटी होतं.

"आकाशाचा बी बंदोबस्त झाला आहे," काकाजी म्हणाले. "अन् दोनदा! जुना अन् नवा. काढ."

मी काढला. आमचं नेट असं होतं की एक तुकडा उतरेपर्यंत एक पोळी खाऊन व्हायची. जेवणाच्या सुट्टीत दोन पोळ्यांत दोन शीटा, जुनी आणि नवी. ते फोटो उलट्या रंगात असतात, पांढऱ्यावर काळे ठिपके, म्हणजे काकाजींना घरच्यासारखंच. पहिले काही दिवस त्यांनी मला ते ट्रेसिंग कागदावर छापायला लावले आणि काचेच्या टेबलावर फडफड केली. प्रिंटरवाला भांडायला आला तेव्हा कुठे ते माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसायला तयार झाले. मी बाणाची कळ दाबायची, ते हात मांडीवर ठेवून बघायचे.

"आण," ते म्हणत. जुनी शीट. "ने." नवी. "आण. ने. आण. ने."

त्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दुपारी मला अजून आठवतात. अधीक्षक टेबलावर डोकं टेकून झोपलेले. कूलरचा घरघराट. खिडकीबाहेर उन्हात पांढरं पडलेलं रान आणि त्यात दूरवर दोन-चार काळी झुडपं, आणि आत पडद्यावर पांढरं आकाश आणि काळे ठिपके. आण, ने, आण, ने. माझे डोळे जड व्हायचे आणि वाटायचं, बाहेरचं आणि आतलं एकच शीट आहे, कुठूनही बघितलं तरी चालेल. हजारो ठिपके जागेवर थांबलेले. एखादा दिसेनासा होई. तो डाग, धूळ. काकाजी मान हलवत. पुढचा तुकडा.

पण कोणी असं समजू नये की त्यांना आकाशाचा नाद होता. ते रात्री नऊला झोपत. डिसेंबरात बस परतायला अंधार पडायचा. एकदा पश्चिमेला एक ठळक तारा दिसला म्हणून मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "काकाजी, तो कोणता?"

"मले काय मालूम!" ते दचकून म्हणाले. "शीट नंबर सांग, मंग सांगतो."

मात्र एक गोष्ट त्यांनी मला त्याच बसमध्ये समजावली. खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "पाह्य, कडेचं झाड कसं पळून राहिलं. अन् ते दूरचं? उभं आहे. ताऱ्यांचं बी तसंच. जो पळताना दिसते ना, तो बहुतेक जवळचा असते." मला ते इतकं आवडलं की घरी जाऊन आईला सांगितलं, मराठीत. आई पोळी लाटायची थांबली. पळणाऱ्या ताऱ्याचं तिला काही नव्हतं, मी मराठीत बोलले याचं होतं.

जानेवारीत एका दुपारी काकाजी म्हणाले, "थांब."

मी थांबले.

"आण. ने. आण." ते पुढे वाकले. "उडी."

मला काही दिसेना. तीस-चाळीस वेळा कळ दाबली असेल. मग दिसलं. शेकडो ठिपक्यांत एक, कोपऱ्याकडचा, बारीक. जुन्या शीटवर एका जागी, नव्या शीटवर तिथून तांदळाच्या दाण्याएवढा वर. आण, खाली. ने, वर. मी ओरडणारच होते, पण काकाजींनी हाताने थांबवलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"डाग असला तर?"

त्यांचं चुकत नव्हतं. जुन्या प्लेटेवर एका जागी धूळ बसली, नव्या प्लेटेवर जवळच दुसरी बसली, तर एकच ठिपका सरकल्यासारखा दिसणार. उपाय एकच. सापडलेल्या सगळ्या पळत्या ताऱ्यांच्या याद्या नेटवर होत्या. आपली जागा टाकायची, तिच्याभोवती छोटं वर्तुळ आखायचं, त्या वर्तुळात आधीच कोणी काही नोंदलं असेल तर नाव येतं. आमच्या खोलीच्या भिंतीवर काकाजींच्या वळणदार अक्षरात एक पाटी होती: पत्ता मूळ नकाशाचा. आमच्या कामात हा नियमच. नवं काहीही उभं राहो, जागा सांगायची ती जुन्या शीटेवरून. मी जुन्या शीटेवरची जागा टाकली. यादीत काही नाही. आकडे तपासून पुन्हा टाकली. काही नाही.

म्हणजे दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर तो तारा जगात सगळ्यात आधी समता कॉलोनीतल्या एका ट्रेसरने पाहिला होता, नाहीतर तो डाग होता.

मी पहिलीच गोष्ट धरून बसले. त्यांनी सत्काराला कुठला शर्ट घालावा हेसुद्धा मी ठरवून टाकलं. अधीक्षकांना चेष्टेला विषय मिळाला. "काकाजी, तारे का पता मिले तो बताना, उसको भी नोटिस भेज देंगे." सगळे हसायचे. काकाजी आधी अशा वेळी उलट टोला द्यायचे, आता गप्प राहायला लागले. डबा अर्धा परत नेऊ लागले. काकूंनी मला फोन करून विचारलं, ऑफिसात काही झालं का. फेब्रुवारीअखेर ते निवृत्त होणार होते आणि दिवस भराभर चालले होते. एकदा कागद गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "मले पयलं नाही व्हाचं, पोट्टी. पयला होऊन काय करू? त्या टायमाले डोळा विहीर म्हणे अन् हात डाग लिहे. आता डोळा तारा म्हणून राहिला. एकदा तरी मी खरं म्हटलेलं खरं निघावं. मंग मी सुखानं घरी बसतो."

मी त्या तुकड्याच्या दोन्ही शीटा पुन्हा उघडल्या.

उत्तर आलं डाकेतून. उठलेल्या गावांच्या लोकांना खात्याच्या नोटिसा जायच्या आणि त्यातल्या कितीतरी परत यायच्या. परत आलेली पाकिटं रजिस्टरला चढवणं हेही माझंच काम होतं. निवृत्तीला पाच दिवस उरले असताना मी असाच गठ्ठा घेऊन बसले होते. प्रत्येक पाकिटावर पोस्टमनचं अक्षर: घर छोड़कर गए. घर छोड़कर गए. घर छोड़कर गए. सहावं की सातवं पाकीट हातात असताना मी तशीच थांबले.

जो सोडून गेला, त्याला आम्ही जुन्या घरी शोधत होतो.

यादीत तारा असेल तर तो यादी शेवटची सुधारली त्या सालच्या, म्हणजे अलीकडच्या जागेवर असणार. आम्ही टाकली होती पन्नास वर्षांपूर्वीची जागा, तीही एवढ्याशा वर्तुळात. साधा तारा असता तर ते चाललं असतं. हा पळणारा होता, म्हणून तर आम्ही त्याच्या मागे लागलो होतो! मी पाकिटं बाजूला सारली, नव्या शीटेवरची जागा घेतली, त्याच दिशेने थोडी पुढे सरकवली, वर्तुळ मोठं केलं.

एक ओळ आली. नाव म्हणजे नुसतं एक अक्षर आणि आकडे. माझ्या जन्माच्याही आधी कुठल्यातरी लांबच्या माणसाने त्याला पाहून लिहून ठेवलं होतं. वर्षाला किती सरकतो, कुठल्या दिशेला, सगळं.

सत्कार गेला, शर्ट गेला. दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. काकाजींच्या शेजारी बसायचं टाळलं, बसमध्ये मागे जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र धीर केला. त्यांनी नेहमीच्या ठिकाणी पाय उचलले, खाली टेकवले, आणि मी म्हटलं, "काकाजी, आपला तारा आधीच सापडलेला आहे. यादीत आहे. आपण पहिले नाही." वाक्यं घरून पाठ करून आणली होती, नाहीतर मी हिंदीत घसरले असते.

त्यांनी खिडकीवरून नजर काढली. मग म्हणाले, "किती सरकते म्हणते?"

मी चिठ्ठी दिली. त्यांनी शर्टाच्या खिशातून आपली छोटी वही काढली. पट्टी लावून दोन शीटांवरून त्यांनी स्वतः जो हिशेब केला होता त्या पानाशेजारी चिठ्ठी धरली. सवयीने एकदा डावा डोळा मिटला, एकदा उजवा. दोन्ही आकडे शेवटच्या घरापर्यंत सारखे होते. दिशाही तीच.

"माफ करा, काकाजी," मी म्हटलं.

"अवं पोट्टी," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "माफी कायची? दुसऱ्या माणसाले बी तो तिथंच दिसला. त्याचं बी तेवढंच माप. म्हंजे डाग नव्हता!" आणि ते हसले, इतक्या जोराने की पुढे पेंगत बसलेले अधीक्षक वळून बघायला लागले. काकाजींनी त्यांना तिथूनच सांगितलं, "साहेब, तारा मिल गया. पता है उसका!"

मग त्यांनी विचारलं की आधी का सापडला नव्हता. मी पाकिटांचं सांगितलं. मूळ नकाशाचा पत्ता, जुनं घर, सगळं. ते ऐकता ऐकता त्यांचं हसू गेलं. ऑफिस आलं. बसच्या पायरीवरून उतरताना दांडा धरून ते थांबले, मागचे लोक खोळंबले.

"त्या बाईले बी मी तिन्ही चिठ्ठ्या जुन्याच घरी धाडल्या," ते म्हणाले.

कुठल्या गावचं कोण कुठल्या नव्या वस्तीत गेलं त्याची यादी माझ्याच कॉम्प्युटरमध्ये होती. मीच टाइप केलेली. काकाजी कॉम्प्युटरला हात लावत नसत आणि बाई गेली असं धरून बसलेले, त्यामुळे विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या नावावरून शोधायला मला दोन मिनिटं लागली. नवी वस्ती, शेवटचं घर. आमच्या ऑफिसपासून ऑटोने वीस मिनिटं. ती जिवंत होती, आणि इतकी वर्षं काकाजी रोज तिच्यापासून वीस मिनिटांच्या अंतरावर ये-जा करत होते.

निरोप समारंभात शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, अधीक्षकांचं भाषण सगळं झालं. काकाजींना बोलायला सांगितलं तर ते "सबका धन्यवाद" म्हणून बसले. मग घड्याळ बगलेत मारून माझ्या टेबलाशी आले. "चाल."

नव्या वस्तीत सगळी घरं सारखी, रांगेत. शेवटच्या घरासमोर ती चिंचा फोडत बसली होती. काकाजी तिच्यासमोर उभे राहिले, हात जोडून. साठ वर्षांचा माणूस, खांद्यावर सत्काराची शाल, आणि परीक्षेला उभ्या राहिलेल्या पोरासारखा ताठ.

"दाई, मैं वो नक्शे वाला," ते म्हणाले. दाई म्हणजे आई. "कुआँ था. मेरी आँख ने देखा था. दाग मैंने लिखा, मेरे हाथ से."

मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल, आणि द्यायलाच हव्यात. तिने हातातली चिंच टोपलीत ठेवली.

"हव," ती होकाराची मान डोलावून म्हणाली. "ओ कुआँ के पानी खारा रिहिस."

खारट होतं पाणी. एवढ्या वर्षांनी तिने ही पहिली गोष्ट सांगितली. मग तिला स्वतःलाच हसू आलं, दात नसलेलं.

"खारा रिहिस. फेर रिहिस."

पण होती. काकाजींनी मान हलवली. तिथेच जमिनीवर बसून त्यांनी पिशवीतून त्या शीटेची स्वतःकडची कच्ची ट्रेसिंग काढली आणि तिच्यापुढे पसरली. इथे वाट, इथे पिंपळ, इथे तुमचं घर. तिने कागदाकडे न बघता आधी त्यांच्याकडे बघितलं, मग बोट टेकवलं. काकाजींनी त्या बोटाच्या टोकाशी पेन्सिलीने बारीक वर्तुळ काढलं, मध्ये पोकळ. खाली लिहिलं: इहाँ कुआँ रिहिस. सही केली आणि कागद तिला दिला. त्या कागदाला सरकारदरबारी काही किंमत नव्हती, हे तिघांनाही कळत होतं. तिने तो चार घड्या करून आत पेटीत ठेवला आणि येताना नळाचं पाणी घेऊन आली, लोटाभर.

"ये मीठ हे," तिने सांगितलं. हे गोड आहे. काकाजींनी अख्खा लोटा न थांबता पिऊन टाकला.

परतीच्या बसमध्ये ते आपल्या सीटवर बसले, शेवटचंच. मांडीवर डब्याच्या पिशवीऐवजी घड्याळ. उन्हं कलली होती आणि रुंद रस्ता रिकामा होता. ते ठिकाण जवळ यायला लागलं तशी मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. मला वाटलं, आज नाही उचलणार. आज ओझं उतरलं.

काकाजींनी दोन्ही पाय उचलले. वीतभर वर, चपलांसकट.

"आता काहून?" मी विचारलं.

"आता त पक्की झाली ना विहीर," ते म्हणाले. "आधी नुसता माह्या डोळ्याचा भरवसा होता. उचल पाय, पोट्टी."

मी उचलले.